चमचे जर्मन, काटे चांदीचे : ठसा म्हणावं की शिक्का?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंच्या पेटीत सहा चमचे आणि सहा काटे निघाले. चमच्यांच्या दांड्यामागे चार बारीक चौकटींत इंग्रजी ई, पी, एन, एस ही अक्षरं आहेत. काट्यांवर चालता सिंह, नांगर, बाईचा चेहरा, एक सुटं अक्षर आणि कुणाची तरी आद्याक्षरं. सराफ कट्ट्यावर दाखवल्यावर उत्तर मिळालं, "चमचे जर्मन आहेत, काटे चांदीचे." ताई विचारतात, आमच्याकडे जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, मग हे चमचे इतके जड कसे? आणि या खुणांना मराठीत ठसा म्हणायचं, छाप की शिक्का?

ताई, सराफांचं बरोबर आहे आणि तुमच्या घरचंही. 'जर्मन' हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या धातूंना लागतो. सराफ म्हणतात ते 'जर्मन सिल्व्हर'. तांबं, निकेल आणि जस्त एकत्र करून ते बनतं. चांदी आहे ती फक्त नावात. असा पांढरा धातू चीनमध्ये फार आधीपासून होत असे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या कारागिरांनी तो आपल्याकडे बनवला आणि त्यांचं नाव त्याला चिकटलं. घरोघरी अ‍ॅल्युमिनियमची पांढुरकी भांडी आली तेव्हा तेच नाव त्यांनाही लागलं. मला तरी यामागे रंगाचं साम्यच दिसतं. कराडजवळच्या आमच्या गावात आजी 'जर्मलचं पातेलं' म्हणायची. हा उच्चार सुधारावा असं मला कधी वाटलं नाही. उलट 'जर्मल' म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि 'जर्मन' म्हणजे सराफाचं जर्मन सिल्व्हर, असा फरक त्यातून आयताच होतो, आणि तो टिकावा असं मनापासून वाटतं.

चमच्यांवरच्या चार अक्षरांचा अर्थ, निकेल सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने दिलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर हे जर्मन सिल्व्हरचंच दुसरं नाव. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं. चारही अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत असल्यामुळे ती पटकन अस्सल चांदीवरच्या ठशांसारखी वाटतात. चमचा पालथा करून जिथे तो ताटाला टेकतो ती जागा बघा. मुलामा आधी तिथेच झिजतो आणि खालचा पिवळसर करडा धातू उघडा पडतो.

काटे मात्र खरेच चांदीचे. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, हा इंग्लंडचा कस. नांगर वाचून आपल्याकडच्या माणसाला शेत आठवेल, पण हा जहाजाचा नांगर आहे, आणि समुद्रापासून लांब असलेल्या बर्मिंगहॅमने तो १७७३ पासून आपली खूण म्हणून धरला आहे. बाईचा चेहरा व्हिक्टोरिया राणीचा. राजाराणीचा चेहरा १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारत. चांदीवरचा सरकारी कर भरला, याची ती पावती. म्हणजे तुमचे काटे १८९० च्या नंतरचे नाहीत. गंमत अशी, की त्यांवर चंद्रकोर, मुकुट आणि ८०० हा आकडा असता तर ते जर्मनीत बनलेले, हजारात ८०० भाग चांदीचे निघाले असते. ती जर्मनीची खरी चांदी, आणि तरीही तिला 'जर्मन' म्हणून चाललं नसतं!

आता शब्द. धातूवर घाव घालून उमटवलेली, बोटाला लागणारी खूण म्हणजे ठसा. छाप शाईची किंवा रंगाची, कागदावर नाही तर कापडावर. शिक्क्यात अधिकार येतो. पेशवे कारभार पुण्यातून करत, पण बाजीरावांच्या शिक्क्यावर आधी साताऱ्याच्या छत्रपतींचं नाव असे : 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान'. त्यामुळे काट्यावरच्या पाच खुणांपैकी राणीच्या चेहऱ्याला मी शिक्का म्हणेन, बाकीचे चार ठसे. 'हॉलमार्क' हा शब्द आहे तसाच ठेवावा. लंडनच्या सोनारांच्या संघाची वास्तू म्हणजे तो 'हॉल'. १४७८ पासून जिन्नस तिथे नेऊन, कस तपासून ठसा मारून घ्यावा लागे. भाषांतर केलं तर ही वास्तूच शब्दातून निघून जाते.

आणि आपला 'रुपे' विसरू नका. पाणिनीचं सूत्र आहे, 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. ज्यावर रूप आहत आहे, म्हणजे ठोकून उमटवलेलं आहे, ते रूप्य. त्यावरूनच आपलं रुपे आणि रुपया. चांदीच्या या जुन्या नावातच ठसा आहे. आता रोजच्या बोलण्यात हा शब्द 'सोन्यारुप्याचं' एवढ्यापुरता उरला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

तुमच्याच जिल्ह्यातले विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई कारागीर देशभरच्या सराफ पेठांत जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करतात. त्यांचं लक्ष टंचावर, म्हणजे धातूच्या शुद्धतेवर, आणि ते योग्यच आहे. मुशीतून बाहेर येते ती निव्वळ चांदी, त्यात सिंह नाही की नांगर नाही. म्हणून काटे मोडीत घालायचं ठरलंच, तर आधी भिंग घेऊन ते सुटं अक्षर कागदावर उतरवून घ्या. ते वर्षाचं अक्षर आहे. वर्णमाला संपली की तीच अक्षरं पुन्हा पहिल्यापासून येतात, पण अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदलते. तेव्हा नुसतं अक्षर लिहू नका, चौकटीसकट काढून घ्या.