वाचक विचारतात : बातम्यांची थट्टा, मंडळाच्या मंचावर

प्रश्न : बीबीसीच्या 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' या बातम्यांवरच्या विनोदी प्रश्नमंजुषेच्या धर्तीवर आमच्या मंडळात तासाभराचा कार्यक्रम करायचा आहे. मूळ कार्यक्रम थेट असतो का? तयारी कशी करावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थेट नसतो, आणि तुमच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा आहे. 1990 पासून चालत आलेल्या या कार्यक्रमाचं चित्रीकरण साधारणपणे गुरुवारी संध्याकाळी होतं आणि शुक्रवारी रात्री तो दिसतो. पडद्यावर अर्धा तास; चित्रीकरण मात्र त्याच्या कितीतरी पट. फसलेले विनोद आणि कायद्याने अंगाशी येणारी वाक्यं मधल्या वेळेत कापली जातात. तुम्हाला ती सोय नाही, म्हणून कात्री आधीच चालवा.

माणसं पाच : सूत्रसंचालक आणि दोन-दोनचे दोन संघ. मूळ कार्यक्रमात इयन हिस्लॉप आणि पॉल मर्टन हे कायमचे कर्णधार, त्यांच्या शेजारी दरवेळी नवा पाहुणा. तुम्हीही कर्णधार कायम ठेवा. एकाला बातम्यांची खडान्‌खडा माहिती हवी, दुसरा शीघ्रविनोदी हवा. दोघंही माहितगार असले की चर्चासत्र होतं. सूत्रसंचालकाची वाक्यं मात्र लिहूनच काढा.

बातम्या बारा निवडा, आठ वापरा. जी दोन वाक्यांत सांगून होत नाही ती सोडून द्या; प्रेक्षक समजून घेण्यात गुंतला की हसत नाही. गुणांचा फार बाऊ करू नका, प्रश्न हे फक्त बोलायला निमित्त असतात.

सगळ्यात रंगते ती गाळलेल्या शब्दाची फेरी (बातमीच्या मथळ्यातला एक शब्द झाकायचा, संघांनी तो ओळखायचा), आणि मराठीत नेमकी तिथेच चूक होते. 'गोठ्यात शिरली ____' असं लिहिलंत तर क्रियापदावरून उत्तर स्त्रीलिंगी आहे हे कळतं आणि निम्मे विनोद जागीच मरतात. '____ने अडवली वाहतूक' असं ठेवा : इथे 'अडवली' वाहतुकीमागे जातं, कर्त्याचं लिंग उघड होत नाही. 'ने'मुळे अनेकवचन मात्र बाद होतं. तेही हवं असेल तर प्रत्ययासकट शब्द गाळा. मूळ कार्यक्रमात काही मथळे एखाद्या आडवाटेच्या नियतकालिकातले असतात. आपल्याकडे कुक्कुटपालन किंवा द्राक्षबागायतीचं मासिक घ्या. मथळे खरेच हवेत, रचलेले लगेच ओळखू येतात.

प्रश्न : आरोपाच्या वाक्यापुढे 'कथितरीत्या' जोडलं की कायद्यातून सुटका होते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ऐकीव आरोप पुन्हा उच्चारणं हीदेखील बदनामी ठरू शकते. न्यायप्रविष्ट प्रकरण तर याहून नाजूक. 1994 मध्ये याच कार्यक्रमात, खटल्याच्या प्रतीक्षेत असलेल्या मॅक्सवेल बंधूंवर (वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या मुलांवर) शेरा मारला गेला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल बीबीसी आणि निर्माती कंपनी हॅट ट्रिक यांना प्रत्येकी 10,000 पौंड दंड झाला. चित्रीकरणानंतर तपासायला वेळ असूनही हे घडलं. तेव्हा चालू खटल्यातला आरोपी दोषी असल्यासारखं बोलू नका. नेत्याचं जाहीर विधान, त्याने फिरवलेला शब्द, सभेतली फजिती यावर मनसोक्त बोला. पाहुण्यांना ही मर्यादा मंचावर चढण्याआधी सांगा. माइक हातात आल्यावर कोणी ऐकत नाही.