चार-पाच वर्षांच्या मुलांना डोंगरावर नेताना

आधी नागपुरातलीच सेमिनरी हिल्सची टेकडी. लगेच रामटेकचा विचार करू नकोस. सेमिनरी हिल्सच्या झाडीतल्या वाटा सोप्या आहेत, आणि पोरगं कंटाळलं तर दहा मिनिटांत घरी निघता येतं. पहिल्या काही वेळा हे फार महत्त्वाचं.

अंतरापेक्षा मुलांचा वेग बघ. मोठ्यांना अर्धा तास लागतो तिथे त्यांना सहज दीड तास लागतो, कारण वाटेत वारूळ दिसतं, सागाचं वाळलं पान दिसतं. लहान पोराच्या छातीएवढं ते पान, ते घरी न्यायचंच असतं. घाई करू नकोस, त्यांच्यासाठी ट्रेक तोच आहे.

मग रामटेक, शहरापासून सुमारे 50 किलोमीटर. अंबाळा तलावाकडून गडावर पायऱ्यांनी चढा. मुलांना पायऱ्या मोजायला फार आवडतं. फक्त खाऊची पिशवी हातात ठेवू नको, वानरं थेट झडप घालतात. खाऊ पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून. दमली तर उचलून घ्यावं लागेल, म्हणून बरोबर दुसरं मोठं माणूस हवंच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपले दिवस. सकाळी सातला निघा, ऊन चढायच्या आत खाली या. मार्चनंतर मुलांना डोंगरावर नेऊच नये, या मतावर मी ठाम आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, दगड तापतात.

आणि मुलांना पूर्ण पँट घाल. दिवाळीनंतर वाळल्या गवताची कुसळं मोज्यात शिरतात आणि पोरं रडकुंडीला येतात.