‘अनसॉल्व्ड मिस्ट्रीज’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतली कोणती केस तुमच्या डोक्यातून जात नाही?

माझ्यासाठी डी. बी. कूपर. १९७१च्या नोव्हेंबरात या पठ्ठ्याने अमेरिकेत विमान पळवलं, २ लाख डॉलर उकळले आणि भर रात्री पावसात पॅराशूट बांधून उडी मारली. परत दिसलाच नाही. १९८० साली एका पोराला कोलंबिया नदीकाठच्या वाळूत त्यातले ५,८०० डॉलर सापडले, नोटा कुजलेल्या. इथेच मी अडकलो. बाकीचे पैसे कुठे? परळच्या आमच्या खोलीत आई म्हणायची, "मेला असेल रे, टीव्ही बंद कर." झोप कसली येतेय!

अल्काट्राझ या अमेरिकेतल्या बेटावरच्या तुरुंगाची केसही भारीच. १९६२मध्ये तिघे अंथरुणात खोटी मुंडकी ठेवून, रेनकोटांचा तराफा बनवून तुरुंगातून पळाले. (आमचा रेनकोट दादर स्टेशनपर्यंत टिकत नाही.)