भेगेत माती का भरलीत?

प्रश्न : वडिलांनी अंगणात लावलेल्या तीन झाडांखाली माझं बालपण गेलं. वादळात दोन उन्मळून पडली. चौथ्या दिवशी माणसं तोडायला आली, तेव्हाही पानं हिरवीच होती, मला बघवेना. तिसरं जरा कललंय म्हणून नवरा तेही काढायचं म्हणतो. त्याला झाडांची माया कधी नव्हतीच. बुंध्याजवळ भेग पडली होती, तिच्यात मी माती भरून घेतली. झाड छान हिरवंगार आहे, मुलांच्या खोलीवर त्याचीच सावली असते. नवऱ्याला कसं समजावू?

उत्तर : नवऱ्याला समजावणं राहू द्या. भेगेत माती का भरलीत, ते आधी सांगा.

ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. मी मात्र तिथून पुढे सरकू शकले नाही. भेग म्हणजे काय हे तुम्हाला कळलं होतं, म्हणूनच ती बुजवलीत. आणि नवऱ्याने ती पाहिल्याचा पत्रात कुठे उल्लेख नाही.

झाड एकीकडे कलतं आणि दुसऱ्या बाजूची जमीन फाटते, तेव्हा मुळं मातीतून सुटत असतात. मोठ्या झाडाचीही बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या मीटरभरातच पसरलेली असतात. माती भिजली की त्यांची पकड आणखी ढिली होते. आजवर शेजारची दोन झाडं वारा अंगावर घेत होती. आता या तिसऱ्याला सगळा वारा एकट्याने झेलायचाय, तोही तुटक्या मुळांवर. ते पडायला पुन्हा वादळच यायला हवं असं नाही.

हिरव्या पानांचा तर दाखलाच देऊ नका. पडलेल्या झाडांची पानं चौथ्या दिवशीही हिरवी होती, हे तुम्हीच लिहिलंय. पानं हिरवी ठेवायला थोडी मुळं पुरतात, एवढा भार उभा धरायला नाही.

नवऱ्याला माया नाही म्हणता? ज्या खोलीवर या झाडाची सावली असते, त्या खोलीत तुमची मुलं झोपतात, बाई!

आज रात्रीपासून मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवा. मग हवं तेवढं रडा. वडिलांच्या हातचं शेवटचं झाड आहे, रडू येणारच. पण नवऱ्याला भेगेचं आजच सांगा आणि झाडांची खरी पारख असलेल्या माणसाला उद्याच बोलवा. मुळं सुटलीत असं तो म्हणाला, तर झाड लगेच उतरवू द्या. नुसता शेंडा छाटू, दोरखंडाने भिंतीला बांधू, असं काही सुचवू नका. तुटलेली मुळं त्याने पुन्हा धरत नाहीत. कोवळं रोप कललं तर सरळ करून आधार देता येतो, एवढ्या मोठ्या झाडाला नाही. आणि करवत घरातल्या कुणाच्या हातात देऊ नका. कललेल्या खोडात ताण असतो, कापताना ते अचानक चिरतं, उसळतं. ते काम सराईत माणसांचंच आहे, आणि ती येईपर्यंत त्या झाडाखाली कुणीही जायचं नाही, तुम्हीसुद्धा.