शटर अडकलं तर तेल घालू नका

वाचकांचे प्रश्न : जुने यांत्रिक कॅमेरे

प्रश्न : वडिलांचा याशिका-डी आहे. निम्म्या पेठेची लग्नं त्यावर निघाली. तो गळ्यात अडकवून, मान खाली घालून काचेत बघणारे वडील अजून डोळ्यांसमोर आहेत. 1/125 सेकंदाला आजही छान ‘टक्’ वाजतो, पण एक सेकंदाला लावला की शटर उघडतं आणि उघडंच राहतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडू का? – वाचक, गंगावेश

उत्तर : नको, अर्धासुद्धा नको. संथ वेगांसाठी शटरच्या आत बारीक दातेरी चाकांची एक साखळी असते आणि तिच्या टोकाला घड्याळात असतो तसा डुलणारा तुकडा. पाती उघडी असताना वेळ काढायचं काम या चाकांचं. त्यांच्या आसांवरचं मूळ तेल इतक्या वर्षांत सुकून डिंकासारखं झालंय. 1/125 ला या चाकांवर फारसा भार नसतो, म्हणून तो वेग धडधाकट वाटतो. वरून सोडलेलं तेल चाकांपाशी थांबत नाही, पसरत पात्यांवर जातं. पातळ पाती एकमेकांना चिकटली की मग 1/125 सुद्धा गेला.

आधी कॅमेरा रिकामा करा. 1/60 ला लावून वीस-पंचवीस वेळा शटर मारा, मग 1/30, 1/15 असं खाली या. याशिका-डीला शटर चढवायची दांडी लेन्सच्या बाजूला वेगळी आहे, त्यामुळे रोल न भरता हे करता येतं. (त्याच वेगळ्या दांडीमुळे रोल पुढे सरकवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो येतात. लग्नाच्या अल्बमात वरमाईच्या डोक्यावर मांडवाचा खांब दिसतो तो असा!) 1/500 मात्र दांडी ओढण्याआधी लावा. त्या वेगाला जादा स्प्रिंग ताणली जाते. आधी शटर चढवून मग चकती तिकडे ढकलली तर आतलं काही तरी तुटतं. सेल्फ-टायमरला हातच लावू नका, जुन्या शटरमध्ये तो मध्येच रुतला की सगळंच थांबतं.

सुधारणा झाली का हे कानाने कळतं : एक सेकंदाची घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी हवी, दम लागल्यासारखी नको. खात्री करायची तर मागचं दार उघडा, समोर दिवा लावा आणि मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. 1/15 ला साधारण 16 फ्रेममध्ये उजेड दिसायला हवा, 1/30 ला 8. एखादी कमी-जास्त चालेल. 8 च्या जागी 14 आल्या तर कारागिराकडे न्या. तो चाकं सॉल्व्हंटने धुऊन फक्त आसांना सुईच्या टोकाएवढं तेल लावतो. इथेच मूव्ही कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात हे सांगणं जिवावर येतं, पण पुढचे स्क्रू स्वतः उघडू नका.

प्रश्न : पेंटॅक्स के1000 मध्ये रंगीत रोल घातला. बऱ्याच फोटोंवर एकाच बाजूला तांबूस-नारिंगी पट्टा आलाय. दाराच्या कडेला काळं, चिकट काही तरी हाताला लागतं. – वाचक, राजारामपुरी

उत्तर : ते चिकट म्हणजे विरघळलेला फोम. दाराच्या खाचेत उजेड अडवायला तो बसवलेला असतो आणि दमट हवेत त्याचा असा चिखल होतो. पट्ट्याचा रंगही तेच सांगतो. रंगीत निगेटिव्हमध्ये तांबड्या उजेडाला जागणारा थर सगळ्यात मागे असतो, त्यामुळे दाराकडून शिरलेला उजेड आधी त्यालाच लागतो. पडताळायचं तर पुढचा रोल भरल्यावर दाराच्या चारी कडांना काळी इन्सुलेशन टेप लावा. पट्टा गेला, तर दोष फोमचाच.

तो काढायला लाकडी टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. शटरचा पडदा कागदाने झाका, चिखलाचा कण त्यावर पडता कामा नये. खाचेत काळ्या लोकरीचा धागा चेपून बसवा, बिजागरीपाशी दीड-दोन मिलिमीटरचा चिकट फोम. आरशाच्या वरची फोमपट्टीही बदला, पण तिथे अल्कोहोल अगदी बेताने वापरा. फोकसच्या काचेवर ओघळलं तर डाग कायमचा.

प्रश्न : याच जातीचा कॅमेरा, उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई मेलीय. सेलशिवाय वापरता येईल? – वाचक, कसबा बावडा

उत्तर : येईल. के1000 चं शटर पूर्ण यांत्रिक आहे, सेल फक्त मीटरला लागतो. 100 एएसएच्या रोलला रंकाळ्यावर लख्ख उन्हात वेग 1/125 आणि लेन्सच्या छिद्राचा आकडा 16, ढग आले की 8, महाद्वार रोडवर दुकानांच्या सावलीत 5.6 नाहीतर 4. शंका आली तर निगेटिव्हला उजेड जास्तच द्या.

प्रश्न : 2019 च्या पुरात कॅमेरा दोन दिवस पाण्यात होता. आत रोलही होता. तसाच ठेवलाय. – वाचक, प्रयाग चिखली

उत्तर : कॅमेऱ्याचा नाद सोडा, शोकेसमध्ये ठेवा. गाळ आत वाळून गंजाबरोबर बसलाय, दांडी जोराने ओढली तर दातेच मोडतील. रोलचंही अवघड आहे. भिजलेली फिल्म वाळली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्राचा थर निघून येतो. पूर पुन्हा आलाच तर सेल काढा, गाळ वाळायच्या आत कॅमेरा स्वच्छ पाण्यातून काढून कारागिराकडे पोहोचवा, उन्हात ठेवू नका. रोल अंधारात काढून पाणी भरलेल्या काळ्या डबीत ठेवा आणि ओलाच धुवायला द्या. धुणाऱ्याला डबी हातात देतानाच सांगा, नाहीतर तो उजेडात झाकण उघडून बघेल.