निळा रंगही आला, लालही आला

तासगावच्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आलंय. लेक सांगलीत बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला आहे. प्रॅक्टिकलला ओळखायला मिळालेला क्षार फेरस सल्फेट होता, तिनं ‘फेरिक’ लिहिलं, मार्क गेले. फेरस आणि फेरिक ही लोहाचीच दोन रूपं. आता म्हणते, केमिस्ट्री जमत नाही, कॉमर्सला जाते.

दादा, जर्नलच्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. पोटॅशियम फेरिसायनाइड घातल्यावर गर्द निळा साका, म्हणजे गाळ, अमोनियम थायोसायनेट घातल्यावर फिकट लाल रंग. पोरीनं दिसलं तसं लिहिलंय. निळा साका फेरसचा, लाल रंग फेरिकचा, आणि दोन्ही खरे आहेत. चुकली ती शेवटची ओळ.

पानं पिवळी पडली की बागेत हिराकस फवारता ना? तेच हे फेरस सल्फेट. पोतं उघडं राहिलं की हिरवे खडे वरून तांबूस पडतात, कारण हवा लागून फेरसचं फेरिक होतं. कॉलेजच्या बाटलीत तेच झालं असणार. फेरिकचा लवलेश असला तरी थायोसायनेट तो लाल करून दाखवतं. तिला सांगा, खडे हिरवे बघून घ्यायचे, पाणी उकळून गार केलेलं, त्यात थोडं सौम्य सल्फ्युरिक ॲसिड, आणि द्रावण ऐनवेळी करायचं.

औषध कंपनीतल्या क्यूसीचं, म्हणजे गुणवत्ता तपासणीचं काम यापेक्षा वेगळं नाही. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. फेरस लोह अंगी चांगलं लागतं, फेरिक तितकं लागत नाही. अशा कामाला दिसेल तेच लिहिणारी माणसं लागतात, आणि ती सवय तुमच्या लेकीला आत्ताच आहे.

सुरुवातीला पगार बेताचा आणि शिफ्ट असतात, हे लपवत नाही. पण पुढं एम.फार्म आहे, एमपीएससीतून औषध निरीक्षकाची वाटही आहे, आणि त्या पदाला फार्मसीची पदवी चालते. हिशेबाची तिला मनापासून ओढ असती, तर मी अडवलं नसतं. पत्रात मला तशी ओढ कुठं दिसली नाही, गेलेल्या मार्कांची लाज तेवढी दिसली.

या आठवड्यात तिला जर्नल घेऊन सरांकडं जाऊ दे, ‘लाल रंग का आला’ एवढंच विचारू दे. आणि सुट्टीला घरी आली की शेडमधल्या पोत्यातले दोन खडे तिच्या हातावर ठेवा, एक हिरवा, एक तांबूस.