निदान उशिरा झालं म्हणून दावा बुडत नाही

प्रश्न : ग्रीन कार्डवर अमेरिकी लष्करात भरती होऊन मी सहा वर्षं नोकरी केली. पाळीत असह्य दुखायचं; सिक कॉलला, म्हणजे लष्करी दवाखान्यात, गेलं की गोळ्या देऊन परत पाठवत. बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी लॅपरोस्कोपीत एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) निघालं, पुढे त्यापायी गर्भाशय काढावं लागलं. व्हीएनं, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्यानं, ‘निदान नोकरीनंतरचं’ म्हणून भरपाईचा दावा फेटाळला. पत्र येऊन पाच महिने झाले. आता काही होईल का?

उत्तर : होईल, आणि मुदतही हातात आहे. निदान नोकरीतच व्हायला हवं असं कायदा म्हणत नाही. त्रास नोकरीत सुरू झाला आणि आजचा आजार तोच, एवढं दाखवायचं असतं.

तुम्ही पाठवलेल्या लष्करी कागदांत ‘ओटीपोटात दुखणे, आयबुप्रोफेन ८०० मिलिग्रॅम, दोन दिवस हलकं काम’ अशा नोंदी आहेत. एकेकटी नोंद किरकोळ वाटते. त्या तारखेवार लावा, महिन्यामहिन्याचं अंतर आपोआप दिसेल. तो गठ्ठा घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ‘संबंध असू शकतो’ असं मोघम पत्र आणू नका. ते नसल्यातच जमा. नोकरीतली लक्षणं याच आजाराची असण्याची शक्यता किमान ५० टक्के आहे, असं कारणांसह लिहून घ्या. शस्त्रक्रिया याच आजारामुळे झाली, हेही त्याच पत्रात येऊ द्या. दोन्ही बाजूंचा पुरावा तुल्यबळ असेल तर कौल सैनिकाला द्यायचा, हा खात्याचाच नियम आहे. त्या काळात आईला केलेले मराठी मेसेज, बराकीतल्या मैत्रिणीचं निवेदन, हाही पुरावाच. मराठीला इंग्रजी भाषांतर जोडा.

हे सारं ‘सप्लिमेंटल क्लेम’ (नव्या पुराव्यासह फेरदावा) म्हणून, फॉर्म २०-०९९५ वर द्या. ‘हायर लेव्हल रिव्ह्यू’त, म्हणजे वरिष्ठांकडच्या फेरतपासणीत, नवा पुरावा घेत नाहीत, आणि तुमचं अडलंय पुराव्यापाशीच. निकालाच्या तारखेपासून वर्षाच्या आत अर्ज गेला तर मूळ दाव्याची तारीख टिकते आणि थकबाकी त्यानुसार मोजतात.

भरपाई अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरते : गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयं गेली असतील तर ५० टक्के, फक्त गर्भाशय गेलं असेल तर ३०. शिवाय प्रजननाचा अवयव गमावल्याबद्दल ‘स्पेशल मंथली कॉम्पेन्सेशन’, म्हणजे विशेष मासिक भरपाई, वेगळं मिळतं. बायका ते मागायचंच विसरतात. मूळ अर्जात शस्त्रक्रिया नव्हती? मग तिचा वेगळा दावा करा.

फीचं म्हणाल तर पहिला निकाल लागण्याआधी फी घेणं बेकायदा आहे, ‘हमखास मंजुरी’वाले काहीही सांगोत. तुमचा निकाल लागलाय, त्यामुळे आता वकील ती घेऊ शकतो. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत वाजवी धरतात. माजी सैनिक संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हेच काम फुकट करतात. मी वकील असूनही सांगते, आधी त्यांच्याकडे जा.